तिघींचा ओव्हन आणि जिजी

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठत जातात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात. मंगल, नंदाताई आणि मी एकत्र बसलो की असंच होतं. कोणी नुसतं ‘ओव्हन’ म्हणायचा अवकाश, चहा गार झालाच म्हणून समजा.

मंगल माझी शेजारीण. पिंपरी पेंढारच्या मळ्यात आमच्या दोन घरांमध्ये फक्त त्यांचा गोठा. ती माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, म्हणून मला वहिनी म्हणते आणि माझं काहीएक ऐकत नाही. नंदाताई आमच्यात कशी आली, तिथूनच सुरुवात करते.

*

ओव्हन यायच्या आधीची गोष्ट, ब्याण्णव-त्र्याण्णव सालची. तेव्हा दिवाळीत नानकटाई घरी मळायची, ट्रेमध्ये मांडायची आणि भाजायला नारायणगावच्या बेकरीत द्यायची पद्धत होती. सगळ्यांचे ट्रे सारखेच. म्हणून मंगलने हुशारी केली. कागदावर आमचं नाव लिहून तो कागद पिठाच्या गोळीने ट्रेच्या कडेला चिकटवला. ट्रे भट्टीत गेला, त्याच्याबरोबर कागदही गेला. नानकटाईच्या आधी आमचं नाव भाजून निघालं!

बेकरीवाल्याने अंदाजाने कुठलातरी ट्रे आमच्या डब्यात रिकामा केला. घरी येऊन एक तोंडात टाकली, तर ती विरघळलीच. मंगलचा चेहरा उतरला. “वहिनी, ह्या आपल्या न्हाईत.” मी म्हटलं, ते मलाही कळतंय, तू गप खा. त्या दिवाळीत आल्यागेल्यांनी आमचं इतकं कौतुक केलं की विचारू नका, आणि आम्ही दोघींनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी मंगलने बेकरीच्या दारातच ठाण मांडलं. डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती चवीपुरती एक नानकटाई मागत होती. चौथ्या की पाचव्या बाईपाशी थांबली आणि तिला सगळं खरं सांगून टाकलं. मंगलला खोटं पचतच नाही. बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे त्या दगडावानी नानकटाया तुमच्या व्हत्या तर,” ती म्हणाली. “आमच्या सासऱ्यांचा दात पडला त्येच्यात.”

ती नंदाताई. त्या दिवसापासून आमची झाली.

*

वर्षभरात तिघींनी मिळून ओव्हन घेतला. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी. तो मंगलकडे ठेवायचं ठरलं, पण घरात नाही, पडवीत. हा हुकूम जिजींचा.

जिजी म्हणजे मंगलची सासू. त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलं नव्हतं, आणि नंदाताईच्या केकला अंडी चार लागायची. मग जिजींनीच वाट घालून दिली. अंडी सुनंदाच्या घरी, म्हणजे माझ्याकडे, फेटायची. घोळ ताटाखाली झाकून गोठ्यामागून पडवीत न्यायचा. भांडी तिकडची तिकडे. आणि त्या ओव्हनमधून निघालेलं काहीही जिजींना द्यायचं नाही.

मंगलच्या मनाला हेच लागायचं. तिची आई ती लहान असतानाच गेली. भाकरी थापण्यापासून पुरण वाटण्यापर्यंत सगळं तिला जिजींनी शिकवलं. त्यामुळे नवीन काही केलं की पहिलं ताट जिजींपुढे जायचं, त्यांनी खाल्लं की मग ते बाकीच्यांचं. एवढा केकच काय तो राहिला. जिजींनी एकदा, एकच घास केक खावा, एवढीच तिची इच्छा होती. मी तिला चिडवायचे, की नवऱ्याकडे कधी साडीचा एवढा हट्ट धरला नाहीस. ती हसायची, पण पुढच्या वाढदिवसाला बशी घेऊन जिजींच्या खाटेपाशी जायचीच. जिजी मान हलवायच्या. बशी परत यायची.

*

केक फुगण्यात आमच्याकडे खरी अडचण व्होल्टेजची. घरं आणि विहिरींच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. मोटारी चालू असल्या की बल्बमधली तार नुसती लाल दिसायची आणि ओव्हनमधला केक दोन दोन तास तसाच गुळगुळीत पडून राहायचा. मग आम्ही एक पद्धत पाडली. केक ठेवला की शेजारपाजारच्या सगळ्या मळ्यांत निरोप जायचा, आणि पाऊण तास मोटारी बंद. पुरुष कुरकुर करायचे, पण वाढदिवस आज दुसऱ्याच्या पोराचा तर उद्या आपल्या, म्हणून बंद करायचे.

एकदा मंगलचे मालक, बबनराव, टोमॅटोच्या प्लॉटवर उभे होते. नारायणगावहून एक व्यापारी माल बघायला आला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं. लाईट आहे, भर उन्हाळा आहे आणि एकही मोटार चालू नाही. त्याला वाटलं विहिरींनी तळ गाठला, आता माल बारीक राहणार. तसं त्याने बोलूनही दाखवलं.

बबनराव म्हणाले, “पाणी हाय वो. घरी केक ठिवलाय.”

व्यापारी खाली बसला आणि सगळं नीट विचारून घेतलं. व्होल्टेज किती लागतं, मोटारी किती वेळ बंद ठेवायच्या, सगळं. शेवटी उठताना म्हणाला, “म्हंजे आमच्या बायकोचा दोष न्हाई तर. उगं चार वर्सं बोलत व्हतो तिला.”

*

मंगलच्या मुलीचा, स्वातीचा, पाचवा वाढदिवस. जिजींनी निरांजन लावून औक्षण केलं. मग केकवरच्या पाच मेणबत्त्या पेटवल्या आणि स्वातीने गाल फुगवले. जिजींनी तिचं तोंडच धरलं. वाढदिवसाला दिवा लावतात, विझवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यात चुकीचं काय आहे, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता पेटत्या मेणबत्त्यांचं करायचं काय? मेण तर आयसिंगवर गळायला लागलं. शेवटी नंदाताईने चिमट्याने एकेक उचलली, केकला लागलेलं टोक कापून टाकलं आणि स्वातीच्या हाताने देवघरापुढे नेऊन लावली. सगळ्यांनाच ते आवडलं. मग आमच्याकडे तोच रिवाज पडला, आणि मळ्यातल्या पोरांना वाटायला लागलं की जगात सगळीकडे असंच करतात.

दोन वर्षांनी स्वाती शाळेतल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली. मैत्रीण फुंकर मारणार एवढ्यात हिने केकवरची मेणबत्ती उपटली आणि हात आडवा धरून घरभर फिरायला लागली. पाठीमागे पोरांची रांग, त्यांच्यामागे मैत्रिणीची आई. हिचा एकच प्रश्न, “काकू, तुमचं देव कुठं हायत?”

*

मंगलने बिनअंड्याचा केक करायचा ध्यास घेतला तो काळ मात्र कठीण गेला. नुसत्या दुधाचा केला, तो दबला. केळ्याचा केला, तो चिकट. मग त्यांची म्हैस व्याली, आणि मंगलच्या डोक्यात आलं की चीक अंड्यासारखाच तर थिजतो. अंड्यांच्या जागी चीक घालून बघू!

हे फक्त आमच्याच मळ्यात सुचू शकतं. नंदाताईने हात जोडले, पण मंगलने ऐकलं नाही. नवीन डबा आणला, वेलची घातली आणि पाऊण तासाने जे बाहेर आलं ते वरून केक आणि खालून खरवस. सुरीला चिकटेना, पण हलवलं की थरथरायचं. चव मात्र काय होती, सांगते! आम्ही तिघी उभ्याउभ्या चमच्याने खात होतो.

वास लागून जिजी पडवीत आल्या. “खरवस का गं?” म्हणाल्या आणि हात पुढे केला. त्यांना खरवस फार आवडायचा.

मी मंगलकडे बघितलं. फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. अंड्याचा थेंब नव्हता त्यात.

“न्हाई जिजी,” मंगल म्हणाली. “चीक घातलाय, पण केक हाय. त्याच ओव्हनातला.”

जिजींनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि आत गेल्या. मला त्यांचा राग आला, आणि मंगलचा जास्त आला. मी तिला म्हटलं, तोंडाशी आलेला घास घालवलास, बाई.

ती डबा खरवडत म्हणाली, “फसवून खाऊ घालायचं असतं, तर इतकी वर्सं कशाला थांबले असते?”

*

स्वाती अवसरी खुर्दला इंजिनीअरिंगला गेली. हॉस्टेलवरचा पहिला वाढदिवस. मंगल आणि मी केकचा डबा घेऊन नारायणगावहून एसटीत चढलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मंगल डबा दोन्ही हातांत वर धरून उभी. दर वळणाला तिच्याबरोबर अर्धी गाडी ‘सांभाळा, सांभाळा’ करायची.

कंडक्टरने दोन स्टॉप हे बघितलं आणि खिडकीशी बसलेल्या एका गृहस्थांना म्हणाला, “पावणं, उठा जरा. केकला बसू द्या.” ते उठले. मंगल बसायला लागली, तर कंडक्टरने तिला थांबवलं. जागा केकला दिली होती. मंचरपर्यंत केक खिडकीशी बसून आला आणि आम्ही दोघी दांड्याला लटकून.

एवढं करून डबा उघडला तेव्हा सगळं आयसिंग झाकणाला. पोरींनी आधी झाकण चाटलं, मग केक खाल्ला. त्या झाकणावर ‘स्वाती’ मात्र नीट उमटलं होतं, उलटं.

*

पुढच्या वर्षी तिचा वाढदिवस रविवारी आला. ती चार मैत्रिणींना घेऊन घरी आली. पोरींना पाचच्या एसटीने परत जायचं होतं. नंदाताई दह्याचा केक शिकून आली होती, अंडं नाही, आणि तो आता हमखास फुगायचा. नवा डबा, नवी चाळणी. या खेपेला जिजी खातील, असं मंगल कोणाला बोलली नव्हती, पण सकाळपासून तिचं लक्ष कशातच नव्हतं.

लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. रविवारी दुपारी लाईट जात नसे. दोन वाजता केक ठेवला आणि वीस मिनिटांनी लाईट गेली. बबनराव चौकशी करून आले. लाईन तुटली होती, संध्याकाळशिवाय काही होणार नव्हतं. काचेतून बघितलं तर केक अर्धा फुगून थांबलेला. तो तसाच ठेवला तर बसणार, हे आम्हा तिघींना कळत होतं. मंगल पडवीच्या पायरीवर बसली आणि गुडघ्यात डोकं घातलं.

जिजींची ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले. भिंतीला धरत त्या खाटेवरून उठल्या आणि बाहेर आल्या.

“बसतीस काय? चुलीत लाकडं घाल,” त्या सुनेला म्हणाल्या. मग पदराने धरून त्यांनी स्वतः ओव्हनचं झाकण उघडलं. इतक्या वर्षांत त्यांचा हात पहिल्यांदा त्याला लागला. डबा बाहेर काढला. जाड पातेल्यात वाळू घातली, त्यात डबा बसवला, वर लोखंडी तवा झाकला आणि तव्यावर निखारे पसरले. “देवाचा रोट भाजायचो तवा कुठं व्हती लाईट?”

पाऊण तास त्या चुलीपुढून हलल्या नाहीत. चिमट्याने निखारे इकडचे तिकडे करायच्या आणि कोणाला झाकण उचलू द्यायच्या नाहीत. नारायणगावात केकचे क्लास घेणारी नंदाताई शेजारी बसून लाकडं सारत होती.

केक निघाला. मधे जरा बसलेला, कडेने चांगला भाजलेला, धुराचा थोडा वास. औक्षण झालं, स्वातीने केक कापला आणि पहिला तुकडा आजीपुढे धरला. जिजींनी तो हातात घेतला.

मंगल दारात उभी होती, दर वाढदिवसाला असते तशीच, वाटायला बशा घेऊन.

“मंगल, हिकडं ये,” जिजी म्हणाल्या. “समद्यांस्नी भरवतीस. तुला कुणी भरवलाय का कदी?”

मंगल बशा घेऊनच पुढे आली. जिजींनी तुकडा तिच्या तोंडाशी धरला. तिने अर्धा खाल्ला, अर्धा जिजींच्या हातात राहिला. त्यावर तिचे दात उमटले होते. ज्या बाईने पोटच्या लेकाच्या उष्ट्या तांब्यातलं पाणी कधी घेतलं नाही, तिने तो उरलेला अर्धा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. तो डबा वीस मिनिटं त्याच ओव्हनमध्ये होता, हे त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. त्यांनीच तर तो बाहेर काढला होता.

दात थोडेच राहिले होते, त्यामुळे त्या बराच वेळ चावत होत्या. मग त्यांनी मंगलच्या हातातली एक बशी घेतली आणि तिच्याचपुढे धरली.

“कडंचा दे अजून,” म्हणाल्या. “तिथं खरपूस झालाय.”