वारिजाची वाट पाहणारी स्क्रिप्ट

उडुपीत वारिजा हेब्बार यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्याची गाणी जतन करते. तिची पायथन स्क्रिप्ट रेकॉर्डिंगचा प्रोग्राम सुरू करी आणि गाणं संपताच, फाइल पुरी होण्याआधीच, तो मारून टाकी. त्यामुळे सकाळच्या चाचणीची फाइल अर्धवट राहिली, उघडेचना. दुपारी नव्वदीचे मुख्य गायक नारणप्पय्या भागवत एकदाच गाणार होते. वारिजाने स्क्रिप्ट बदलली: आधी प्रोग्रामला थांबायला सांगायचं, मग तो आवरून बाहेर पडेपर्यंत वाट पाहायची.

गाणं संपलं, पण स्क्रीन हलेना.

“अडकलं, अक्का! बंद करून टाका,” सहकारी शेणॉय म्हणाला.

“हात लावशील तर बघ. फाइल पुरी करतोय तो.”

अकरा सेकंदांनी प्रोग्राम थांबला. फाइल उघडली, सुरुवातीलाच भागवतांचा खोकला ऐकू आला.

“पोरी, तेवढं काप की.”

“आज नाही, भागवत. आधी दुसरी प्रत काढते.”