जंतूंच्या अंगावरची दारे

जिल्हा रुग्णालयाच्या फाटकाबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. फाटकावरचा रखवालदार जेवणाचे डबे आत सोडतो आणि माणसांना परतवतो, हे पाहत असतानाच एक माता समोर येऊन बसली. तिच्या मुलीचा ताप हटत नव्हता.

"भाऊ, डागदर म्हणत्यात, जंतूच्या अंगाला दारं असत्यात. खाणं आत घेत्यात आन् औषध बाहेर ढकलत्यात. खरं का वो?"

"शास्त्र आहे, बाई. खरेच असणार."

"मग गुळात लपवून द्या म्हणावं औषध!" ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसू लागली.

डोळ्यांना न दिसणारा तो देह, त्याची पातळ त्वचा आणि तीत प्रथिनांची जिवंत दारे! ती पारखतात, घेतात, हाकलतात. त्यांना दया नाही, वैरही नाही. प्रत्येक दारापाशी मनुष्य असतो आणि मनुष्यास विनवता येते, या विश्वासावर माझे आयुष्य गेले.

"आता शेवटचं औषध चालू हाय," ती म्हणाली. "तेवढं आत जाऊ द्या म्हणून लिवा."

मी 'प्रति' लिहिले. पुढे कोणाचे नाव घालावे, हे मला सुचेना.