आत्याची धडधड

साऱ्या हैदराबादेत स्वतःच्या काळजावर माझ्या आत्याइतका कडक पहारा ठेवणारं दुसरं माणूस नसेल. नोकरीतून निवृत्त होऊन ती बरकतपुऱ्यात आमच्याच गल्लीत एकटी राहते. जिना चढला की तिला धडधड होते, उतरला की होते, आणि एखाद्या दिवशी झालीच नाही, तर का होत नाही या भीतीने होते. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून तिला तेलुगूत सांगितलं, "अम्मा, एमी लेदु." म्हणजे काही नाही. बाहेर येताच आत्या मला म्हणाली, "ऐकलंस? त्याला सापडलंच नाही. फार खोल आहे." रिपोर्ट इंग्रजीत असल्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. "सगळं नॉर्मल आहे, आत्या," मी म्हणाले. "एवढंच वाचायला तुला इंग्लिश मीडियमला घातलं? खाली बारीक अक्षरांत बघ!"

घड्याळावर तिचा विश्वास नाही. आपली नाडी जलद आहे का, हे ती शेजारच्या माणसाशी ताडून बघते. एक हात स्वतःच्या गळ्यापाशी, दुसरा समोरच्याच्या मनगटावर, आणि डोळे मिटलेले. एकदा हिमायतनगरच्या सिग्नलला तिने ऑटोवाल्यालाच सांगितलं, "भैया, हाथ देना जरा." त्याला वाटलं बाई हात बघतात. तो लाजत म्हणाला, "अम्मा, मेरी शादी कब होती?" आत्या डोळे न उघडता म्हणाली, "पहले सिग्रेट छोड़ो." मागचे हॉर्न वाजवून थकले, पण तो बिचारा पुढचं भविष्य ऐकायला थांबून राहिला. रविवारी विहारात भंतेजी श्वासाकडे लक्ष द्या म्हणाले, की हिचं लक्ष ठोक्यांकडे. इतक्या शांत माणसाची नाडी तिला हवीच होती. पण बाईने भंतेजींना हात लावायचा नसतो, म्हणून वंदना संपल्यावर तिने माझ्या वडिलांना सगळ्यांदेखत पुढे ढकललं, "अरे, जरा भंतेजींचा हात बघून सांग." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भंतेजी मात्र हसून म्हणाले, "आत्ताच जिना चढून आलोय ताई, आज माझ्या नाडीवर जाऊ नका."

तिच्या हाती सगळ्यात जास्त सापडायचे ती मी. मला कुणी नुसतं खांद्यावर हात ठेवला तरी मी आक्रसते, पण आत्याने हात धरताना कधी विचारलंच नाही. रोज संध्याकाळी मी मुकाट्याने मनगट पुढे करायची. मनातलं बोलायला मला जमत नाही, आणि तिथे बोलावंही लागायचं नाही.

मग मला पुण्याला नोकरी लागली. "तू गेलीस की मी कुणाशी ताडून बघू?" आत्या पटकन बोलून गेली, आणि लगेच गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं भरायला उठली. वडील म्हणाले, "ताई, तुझ्या धडधडीपायी पोरीला घरी बसवायचं का?" ती बरणीचं झाकण घट्ट लावत राहिली. तिने एकदा "नको जाऊ" म्हटलं असतं तर मी राहिले असते, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गर्दी बघूनच जिची छाती दडपते, ती नामपल्ली स्टेशनवर आली. पर्समध्ये ग्लुकोज आणि चेहऱ्यावर लढाईला निघाल्याचा आव. डब्याच्या दाराशी तिने माझा हात धरला, दुसरा हात गळ्याशी नेला.

"बाप रे, केवढी पळतेय तुझी!"

"आणि तुझी?"

ती बराच वेळ मोजत राहिली. "तेवढीच. दोघींची सारखी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे नॉर्मल. चढ वर."

हा शब्द तिने स्वतःसाठी वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. सोडायला आलेल्या वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू डॉक्टरांची फी परत मागावी की काय.

आता संध्याकाळी तिचा फोन येतो. "मनगटावर बोटं ठेवलीस? हं, म्हण." मग मी ऑफिसच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून हलक्या आवाजात टक, टक, टक म्हणत राहते. येणारेजाणारे वळून बघतात, बघोत. पलीकडे ती ताडून बघत असते. कधीच ताडून झालेलं असणार, पण ती थांब म्हणत नाही, आणि मीही थांबत नाही.