फाटकावरची मोजणी

"कागदावर सगळ्याच गाड्या धावतात रे," असं म्हणत अंकल माझा हिशेबाचा कागद उलटा करून ठेवायचे. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल.

सत्तर सालाच्या आसपास मी वाहतूक-पाहणीच्या एका कचेरीत आकडेमोड करत होतो. उपनगरांतल्या रस्त्यांवर पुढे गाड्या किती वाढतील, त्या किती वेगाने जातील, याचा अंदाज आम्ही बांधायचो. पूल कुठे बांधायचा, रस्ता कुठे रुंद करायचा, हे त्यावरून ठरणार होतं. अंकल आमच्यातले सर्वांत जुने. मरोळच्या गावठाणातले, ख्रिस्ती, काटकुळे. सकाळी जोगेश्वरीच्या रेल्वे फाटकापाशी गाड्या मोजायचे आणि दुपारी केसांतली धूळ झटकत माझ्या टेबलाशी यायचे.

फाटकापाशी चालणारी माणसं बसच्या पुढे जात. आमच्या सूत्रातून मात्र वेग असा निघे, की जणू रविवारची पहाट आहे.

"अरे, रस्ता तुंबला की तासाला गाड्या सुटतात कमी," अंकल चिडून सांगायचे. "तुझं सूत्र सुटलेल्याच मोजतं. त्याला वाटतं, गर्दीच नाही! मागे अडकल्यात त्या कोण मोजणार? तुझे साहेब?"

शेवटी त्या त्यांनीच मोजल्या. महिनाभर रोज रांगेच्या शेपटापर्यंत चालत गेले. त्यावरून मी नवे वेग काढले आणि आम्ही दोघं साहेबांकडे गेलो.

"हे सूत्रात बसत नाही," साहेब म्हणाले.

"मग सूत्र बदलू या ना, सर," अंकल म्हणाले.

"मोजणी परत करा."

परत केली. तेच उत्तर आलं. मग अंकल साहेबांनाच जीपमध्ये घालून घेऊन गेले. फाटकाच्या अलीकडे पाऊण तास जीप जागची हलली नाही. साहेब घामाने निथळले. कचेरीत आल्यावर म्हणाले, "आज काहीतरी वेगळंच होतं."

अहवाल जुन्या आकड्यांनीच गेला. त्यातले तक्ते शाईने मी उतरवले. नोकरी नवी होती, बोलायची हिंमत झाली नाही.

अंकलनी तक्ता हातात घेतला. "कोणी लिहिलं?"

"मी, अंकल."

त्यांनी तक्ता परत माझ्या टेबलावर ठेवला. "अक्षर चांगलं आहे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सकाळी ते पुन्हा फाटकावर. कोणी सांगितलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते रांग मोजून आणत राहिले, आणि मी ते कागद फाइलला लावत राहिलो. त्यानंतर तिथे मोजायला कोणीच उभं राहिलं नाही. मीसुद्धा नाही.