लॉकभोवतीचे ओरखडे

आरसेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ज्या गॅरेजात त्यांनी उभी हयात हातानं गाड्यांना पॉलिश केलं, तिथल्या लोकांनी ते ठेवलं होतं. त्यांनी घासलेल्या बॉनेटमध्ये बघून गाडीमालक भांग पाडत. माणूस हेकट, मशीनला हात लावणार नाही म्हणजे नाही. पण आता उजवा खांदा वर जाईना, आणि मुलीनं तिच्या आईच्या गाडीला गिऱ्हाईक आणलेलं. तेव्हा झक मारत पॉलिशचं मशीन घ्यायला दुकानाची पायरी चढावी लागली.

बायको हिवाळ्यात गेली. आरसेबुवा रडले नाहीत. लोक म्हणाले, खंबीर आहेत. खंबीर कसले डोंबलाचे! आत काही हलतच नव्हतं. ताट पुढ्यात आलं की जेवायचं, दिवा मालवला की पडायचं. गाडी विकायची का, असं मुलीनं विचारलं, तेव्हाही "वीक" म्हणून मोकळे झाले.

दुकानदार बोलघेवडा होता. त्यानं दोन मशीन काउंटरवर ठेवली.

"हे जागच्या जागी गरगर फिरतं. ओरखडे, डाग, सगळ्यांना सुट्टी. फक्त कडेला जास्त वेळ धरू नका, रंग जाळेल. आणि हे दुसरं फिरता फिरता डुलतं. गरीब गाय आहे."

"यानं ओरखडे जातात?"

"बारीक असले तर जातात, पण वेळ खातं. ओरखडेच घालवायचे तर पहिलं न्या."

"घालवायचे नाहीत."

दुकानदार बघतच राहिला. असलं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

ओरखडे ड्रायव्हरच्या दाराला होते, लॉकभोवती. बायको उतारवयात गाडी शिकली आणि चावी पहिल्या फटक्यात कधी म्हणून भोकात गेली नाही. "अगं, दार उघडतेस की चित्र काढतेस?" ते ओरडायचे. "तुम्ही आहात ना पुसायला!" ती म्हणायची. ते करवादत पुसायचे आणि ती पुन्हा काढायची. संसार म्हणजे तोच होता म्हणा ना. आता जे उरले होते, ते शेवटचे. गाडी जाईल तर ते घेऊन जाऊ दे, एवढंच आरसेबुवांनी मनाशी धरलं होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

डुलणारं मशीन घेऊन ते घरी आले. कडांना कागदी पट्ट्या चिकटवल्या, फोमवर पॉलिशचे ठिपके घेतले आणि ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात केली. या गाडीची सुरुवात नेहमी तिथूनच व्हायची. मशीन गुरगुरत होतं. हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्याही कळेनाशा झाल्या. डोक्यात काहीच नव्हतं. बरं वाटत होतं.

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा ते अजून त्याच दारापाशी होते.

"बाबा, बाकीची गाडी कधी करणार?" म्हणत ती वाकली आणि थांबली. "आईचे ओरखडे?"

आरसेबुवांनी मशीन बंद केलं. फडक्यानं पॉलिश पुसलं. लॉकभोवती स्वच्छ, गुळगुळीत रंग होता. इतकी वर्षं जे केलं, तेच हातानं त्यांना न विचारता केलं होतं. गरीब गाय, पण तिला एका जागी इतका वेळ कोण उभं करतं?

त्यांनी खिशातून चावी काढली. टोक रंगाला टेकवलं. हात पुढे सरकेना. दुसऱ्याच्या गाडीवर ओरखडा दिसला तरी ज्यांना जेवण जायचं नाही, त्यांच्याच्यानं तो पाडवेना.

"तू पाड," त्यांनी चावी मुलीपुढे धरली.

तिनं ती घेतली. "कुठे होते, दाखवा."

त्यांनी बोट लॉकच्या डावीकडे नेलं. मग जरा खाली. मग उजवीकडे. त्यांना जागा आठवेना. आणि तिथेच, दाराला टेकून, आरसेबुवा मोठमोठ्यानं रडू लागले.