मुन्स्टरचं मटार-पनीर

फ्रान्समधल्या मुन्स्टर या गावाबद्दल मला काहीही माहिती नव्हती, आणि एवढ्या भांडवलावर मी त्याविषयी बॉसशी अर्धा तास बोललो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही न्यू जर्सीत, आयसेलिनला राहत होतो. माझा बॉस पियेर मूळचा या मुन्स्टरचा. डोंगरांमधल्या खोऱ्यातलं चिमुकलं गाव, आणि गावाच्याच नावाचं तिथलं चीज! माझ्या ग्रीन कार्डाचं घोडं पियेरच्या सहीवर अडलेलं. त्यामुळे गावाचं नाव निघताच मी म्हणालो, "मुन्स्टर? अरे, आमच्या घरी रोज खातात!" (अगदीच खोटं नव्हतं. सुपरमार्केटमध्ये त्या नावाच्या पांढऱ्या चकत्या मिळायच्या. चव विचाराल तर खोडरबराची.)

पियेर गहिवरला. त्याची आई नुकतीच गावाहून आली होती. तिनं स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेलं अख्खं चीज त्यानं दुसऱ्याच दिवशी माझ्या हाती ठेवलं! "शनिवारी आम्ही दोघं तुझ्याकडे जेवायला येतो. सगळे मिळून खाऊ."

गाडीच्या चारही काचा खाली करून घरी आलो. (जानेवारीत!) चीजचं ते नारिंगी, चिकट चाक फ्रिजमध्ये ठेवलं. थोड्याच वेळात आमची सहा वर्षांची चिनू किंचाळली, "डॅडी, समथिंग डाइड इन द फ्रिज!"

"अहो, हे नासलंय," सुनंदा, म्हणजे माझी बायको, नाकाला पदर लावून म्हणाली.

"ते तसंच असतं."

"तुम्ही कधी खाल्लंय?"

"चीज म्हणजे शेवटी काय? पनीरच! सरळ मटार-पनीर कर. मसाल्यात वास मरेल."

शनिवारी सुनंदानं देवाला हात जोडले आणि चीजचे चौकोनी तुकडे तेलात सोडले. तुकडे क्षणभर तुकडे राहिले. मग त्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि कढईभर पसरले! मी डाव घातला, तर डावाबरोबर सगळी भाजीच वर आली.

"बेसन घाल!" मी ओरडलो. बेसन पडलं. "कांदा-लसूण मसाला!" तोही पडला. शेवटी कढईत केशरी पिठलं रटरटत होतं आणि त्यात मटार गटांगळ्या खात होते. तेवढ्यात बेल वाजली.

पियेरची आई, सत्तरीच्या ठेंगण्या मादाम, दारातच थबकल्या. नाक वर करून त्यांनी एक लांब श्वास घेतला, आणि त्यांचे डोळे पाणावले!

"आईला घर आठवलं," पियेर म्हणाला.

मी जिंकलो होतो! मादामनी पिठलं दोनदा मागून घेतलं. घाम पुसत, पाणी पीत, पण घेतलं!

मग ताटं उचलली, तरी दोघं शांतपणे बसूनच राहिले.

"चीज?" पियेरनं विचारलं. "आमच्याकडे जेवण झालं की खातात. आई केव्हाची वाट बघतेय."

मी फ्रिजकडे धावलो आणि सुपरमार्केटच्या चकत्या बशीत मांडून आणल्या. मादामनी एक उचलली, दिव्यासमोर धरली, वाकवून पाहिली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"आई विचारते," पियेर म्हणाला, "यातलं प्लास्टिक कुठलं आणि चीज कुठलं?"

सुनंदाला हसू आवरेना. "पियेर," ती म्हणाली, "युवर चीज इज इन युवर स्टमक!"

पियेरनं ते आईला सांगितलं. मी मनातल्या मनात ग्रीन कार्डाला श्रद्धांजली वाहिली. मादाम उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कढईत डोकावल्या. कडेची खरवड बोटानं काढून तोंडात टाकली आणि सुनंदाचा खांदा धरून अशा हसल्या, की पियेरही डोळे पुसू लागला. पुढचा तासभर दोघी ओट्याशी उभ्या राहून बोलत होत्या. एक फ्रेंचमधून, दुसरी मराठीतून! निघताना मादामनी सुनंदाचे हात धरले. "गावी ये," पियेरनं भाषांतर केलं, "चीज कसं करतात ते शिकवते."

ग्रीन कार्ड यथावकाश मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात सुनंदा आणि चिनू खरोखरच मुन्स्टरला महिनाभर राहून आल्या. मलाही नेलं होतं. विमानतळापर्यंत, बॅगा उचलायला!