वरातीच्या गाडीचा कॅमशाफ्ट

माझ्या लग्नाच्या आधी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीचं इंजिन उघडलं आणि घरात पहिलं भांडण झालं ते पाण्यावरून. उदगीरला त्या साली दुष्काळ होता. टँकर येईल तेव्हा येईल, आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची, आणि दादा त्यातली एक घागर रेडिएटरसाठी बाजूला सरकवायचे. आई म्हणायची, माणसं तहानेनं मरायलीत आणि ह्यांची गाडी पाणी ढोसायलीय. दादा ऐकून घ्यायचे. बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. तोंडातून एक वाक्य काढायचं तर त्यांना इंजिन खोलण्यापेक्षा जास्त कष्ट पडायचे.

गाडी निजामाच्या काळातली, विलायती. कुण्या वकिलाच्या अंगणात लिंबाखाली सडत पडलेली दादांनी भंगाराच्या भावात उचलली आणि उभी केली. मग आसपासच्या लग्नांत नवरा-नवरी मिरवायला ती जाऊ लागली. बँडच्या मागं माणसाच्या चालीनं चालायचं, एवढंच तिचं काम. ते ती झकास करायची. पण मोकळ्या रस्त्याला लावली की रडायची, चढावर तर धापाच टाकायची.

दहावी झाले तशी मी दादांच्या गॅरेजातच होते. दादांना जवळचं नीट दिसेनासं झालं, तेव्हापासून टॅपेटची गॅप मीच लावायची. आता टॅपेट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की हे उंचवटे टॅपेटला वर ढकलतात, टॅपेट व्हॉल्व्हला उचलतो, आणि इंजिन श्वास घेतं. मधली फट केसाएवढी इकडंतिकडं झाली की सगळा खेळ बिघडतो. ती फट बोटांना कळावी लागते, आणि माझ्या बोटांना ती कळायची. ह्याचा मला भारी गर्व होता, आजही आहे.

लातूर तेव्हा नवं नवं जिल्हा झालेलं. तिथल्या कलेक्टर कचेरीत नोकरीला लागलेला मुलगा मावशीनं माझ्यासाठी शोधला. मुलगा बरा होता, हसरा होता, मला आवडलाही. पण मावशीनं अट घातली की गॅरेजचं नाव कुणी काढायचं नाही. पोरगी स्पॅनर फिरवते म्हणलं तर कोण करून घेईल, म्हणे. तिनं तिकडं सांगून टाकलं की मुलीला उत्तम शिवण येतं. शिवण! मला साधं बटण लावता येत नव्हतं. रोज संध्याकाळी आई रॉकेल आणि राखेनं माझी नखं घासायची आणि समजवायची, तिथं गेल्यावर हे सगळं विसरायचं, बाई. मला इतका राग यायचा की जेवण जायचं नाही. मला नवरा नको होता असं नाही. मला हात बांधून घालणारं घर नको होतं. पण घरात माझ्या बाजूनं एक शब्द बोलणारं कुणी नव्हतं, आणि दादा तर मुळीच नाही. ते आपले गाडीच्या मागं लागलेले.

आईनं कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, पोरीला लातूरला न्यायची हाय, गाडी रस्त्यात रडाय नको.

एक दिवस आम्ही दोघं नांदेडला निघालो. काढलेला कॅमशाफ्ट आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी एसटीत मांडीवर घेतला. वर खिडकीतून गरम वारा, म्हणून तोंडावर पदर ओढून घेतलेला. कंडक्टर तिकीट फाडताना हळूच म्हणाला, ताई, लेकराला ऊन लागायलंय, सावलीत बसा. शेजारच्या बाईनं तर कौतुकानं लुगडं बाजूला सारून पाहिलं आणि पुढचा सगळा रस्ता ती माझ्याकडं पाठ करून बसली. दादा मान खाली घालून हसत होते. त्या महिन्यात ते हसलेले मी तेव्हा एकदाच पाहिले.

नांदेडला त्यांच्या ओळखीच्या एका उस्तादांचा कारखाना होता. त्यांनी दांड्याच्या उंचवट्यांवर वेल्डिंगनं भर चढवली आणि मशीनवर घासून त्यांना नवा, उंच आकार दिला. आता व्हॉल्व्ह जास्त वर उचलले जाणार, जास्त वेळ उघडे राहणार, गाडी पळणार. दादांनी मोठे व्हॉल्व्ह आणि कडक स्प्रिंगाही तिथंच निवडल्या. घरी आल्यावर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्यांच्या बैठकीवर, घासून बसवायचं काम माझ्याकडं. पेस्ट लावायची आणि व्हॉल्व्हला चिकटवलेली काडी दोन्ही तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची. लग्न ठरलेली मुलगी दिवसभर अंगणात बसून हे घुसळतेय, आणि मावशी दारात उभी राहून गल्लीवर नजर ठेवतेय, असं आमचं केळवण चाललं होतं.

इंजिन जुळलं. बिदर रस्त्याला नेऊन दादांनी पाय दाबला आणि काय सांगू, गाडी अशी सुटली की मी दोन्ही हातांनी दार धरलं. मी ओरडून हसत होते. पण परत येताना गल्लीत हळू केली तशी ती थडथडायला लागली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा थडथड. पळताना वाघ आणि उभी राहिली की हिवताप. कॅमच तसा होता, हळू चालीला त्याचा दम पुरत नव्हता. मी दादांना म्हणाले, वरात आहे, शर्यत नाही, स्लो तरी वाढवून ठेवा. स्लो म्हणजे पाय काढल्यावर इंजिन ज्या चालीनं फिरत राहतं ती; पेचकसाच्या दोन फेऱ्यांचं काम. ऱ्हाऊ दे, म्हणाले. मी पेचकस हातात घेतला तर त्यांनी तो काढून स्वतःच्या खिशात घातला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

लग्न लातूरलाच ठेवलं, कारण मुलाकडच्यांच्या गल्लीतल्या हापशाला पाणी होतं. आमच्यात, बौद्धांत, लग्नाला नवरी पांढरं नेसते. पांढरी शुभ्र साडी, वंदना झाली, हार घातले, सगळं शांतपणे पार पडलं. संध्याकाळी वरात निघाली. पुढं बँड, मागं कशीबशी थडथडत आमची गाडी, स्टीअरिंगवर दादा, मागच्या सीटवर आम्ही दोघं. आणि सासरच्या दारापासून हाकेच्या अंतरावर गाडीनं हिसका दिला आणि गप्प झाली.

दादांनी सुरू केली. पुन्हा गेली. बँड आपला वाजवत पुढं निघून गेला. मागं कुणी नाही हे कळल्यावर तोही थांबला. नवऱ्याचे मित्र बाह्या सरसावून ढकलायला आले. दादांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग खिशातून पेचकस काढला, मागं वळले आणि माझ्यापुढं धरला.

"उतर. तुझं काम हाय."

मावशीचा चेहरा मला आजही दिसतो. मी एकदा नवऱ्याकडं पाहिलं. तो बिचारा पेचकसाकडं बघत होता. खरं सांगू का, माझा हात आधीच पुढं गेला होता. मी उतरले, हार मागं टाकला, बॉनेट उघडलं. कार्बोरेटरचा स्लो वाढवला, मिक्श्चर जरा दाट केलं. दादांना म्हणाले, मारा सेल्फ. गाडी ट्रकसारखी गुरगुरत उभी राहिली, पण राहिली. वाजंत्रीवाल्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या. आणि मी खाली पाहिलं, तर पांढऱ्या साडीवर काळ्या बोटांचे पाच ठसे.

दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मावशी लगबगीनं पुढं झाली आणि काहीतरी सारवासारव करू लागली. मी हात पदराखाली घेतला. सासूबाईंनी तो ओढून बाहेर काढला.

"झाकती कशाला? मी मागच्या दुष्काळात ह्या हातांनी सडकंची खडी फोडली. लेकरं त्याच्यावर वाढली."

मग त्यांनी ओवाळलं आणि मी आत गेले. पुढं त्याच घरासमोर पत्रा टाकून मी कितीतरी वर्षं लोकांची इंजिनं उघडली. शिवणाचं पुन्हा कुणी विचारलं नाही.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी सरळ गॅरेजात गेले. इतके दिवस मनात घोळत होतं. जन्म इंजिनांत घातलेल्या माणसाला ही गाडी वरातीत बंद पडणार हे कळलं नाही? मी तेच विचारलं.

"कळत व्हतं की," दादा म्हणाले. "मला बोलता येत न्हाई. लपवून दिली असती तर तुला जन्मभर लपवत बसावं लागलं असतं. म्हणलं, दारातच बघू द्यावं त्यांना."

माझं डोकंच फिरलं. "आणि त्यांनी दारातच लग्न मोडलं असतं तर?"

दादा व्हॉल्व्ह पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग तसंच गाडीत बसवून घरी आणलं असतं तुला. तेवढ्यासाठीच तर ती पळती केली व्हती."